वीज कुठवर आली?

कानबाई देवीचं विसर्जन करून माझ्या ओळखीचं एक कुटुंब नंदुरबारकडच्या आपल्या गावाहून चलथाणला परतलं, तेव्हा रात्र झाली होती. घर आठ दिवस बंद होतं. निघताना वडिलांनी मेन स्विच खाली पाडला होता, तो आल्याबरोबर वर केला. पंखे फिरले, फ्रिज गुरगुरला. सकाळी मुलाने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंख्याचा आवाज नाही, दिवा नाही, साधी टिकटिकही नाही. आईने मला फोनवर अहिराणीतच सांगितलं, “भाऊ, कॉम्प्युटर बंद पडी गया.”

चलथाण हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, सहकारी साखर कारखाना आणि कडोदरा-पलसाणा पट्ट्यातल्या कापड रंगवणाऱ्या, छापणाऱ्या गिरण्या यांच्यामुळे धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं या भागात वर्षानुवर्षं येत राहिली. कोणी ऊसतोडीला, कोणी लूमवर, कोणी डाइंगला. या घरातले वडील डाइंगमध्ये आहेत. मुलगा घरी बसून एम्ब्रॉयडरीच्या डिझाइन करतो. साडीच्या काठाची वेल पडद्यावर काढायची, सुईचा एकेक टाका कुठून कुठे जाईल ते ठरवायचं आणि फाइल पेनड्राइव्हवर घालून मशीनवाल्याकडे पोचवायची, हे त्याचं काम. यंत्राला नक्षी शिकवण्याचा हा धंदा जुना आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारा माग तयार केला. त्याच पुठ्ठ्यांवरून 1830 च्या दशकात चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला हुकूम कसे द्यायचे ते सुचलं. कॉम्प्युटरचं एक मूळ मागावर आहे, याचा सुरतेकडे आलं की मला नेहमी आनंद होतो.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा मात्र घरात आनंद नव्हता. राखीपौर्णिमेच्या ऑर्डरी अर्धवट होत्या. एका दुकानदाराने फोनवरच निदान केलं होतं: “मदरबोर्ड गेला असेल. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलावं लागेल.” त्याने सांगितलेला खर्च मुलाच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. यंत्र न उघडता केलेल्या अशा निदानाचा मला मनापासून राग येतो. सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये बोर्डच गेलेला असतो असं नाही. त्याआधीच्या वाटेवर बिघडण्यासारख्या डझनभर जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक स्वस्त आहेत. कालवा फुटला की पाटकरी धरणापासून पाण्याबरोबर चालत येतो, शेवटच्या शेतात उभा राहून तर्क करत नाही. आपणही भिंतीपासून विजेबरोबर चालत निघायचं आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: वीज इथवर आली का?

पण त्याच्याही आधी एक खात्री करून घ्यावी. ‘चालू होत नाही’ या शब्दांत दोन वेगळे आजार लपलेले असतात. एकात यंत्र खरोखरच निपचित असतं. दुसऱ्यात पंखे फिरतात, दिवा लागतो, फक्त पडद्यावर काही उमटत नाही. दुरुस्तीवाले त्याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. तिथे वीज आलेली असते. अडलेलं असतं ते रॅम, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर किंवा त्याची केबल यांच्यापाशी. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हवेतल्या ओलाव्याने पुटं चढतात. शाळेतल्या खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसल्या आणि रॅम ‘टक्’ आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांनी दाबून बसवली, की पावसाळ्यात गप्प झालेली पुष्कळ यंत्रं बोलू लागतात. मॉनिटर वेगळ्या सॉकेटवर असेल तर तो स्वतःच बंद नाही ना, हेही पाहावं. हसू नका, यात माझा एक पूर्ण रविवार गेलेला आहे.

चलथाणचं यंत्र पहिल्या प्रकारचं होतं, अगदी निपचित. म्हणून आम्ही भिंतीपासून निघालो.

भिंतीवरच्या सॉकेटला वडिलांनी टेस्टर लावून दाखवला. आतला नारिंगी दिवा लागला. “लाइट तर आहे,” ते म्हणाले. इथे फार माणसं फसतात. टेस्टरमधला निऑनचा दिवा फक्त फेज आहे एवढंच सांगतो. वीज जायला आणि परत यायला अशा दोन वाटा लागतात, आणि परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, तुटलेली असली तरी टेस्टर तितक्याच आनंदाने लागतो. उलट न्यूट्रल तुटलेला असेल आणि त्या लाइनवर एखादं उपकरण चालू स्थितीत असेल, तर टेस्टर दोन्ही भोकांत लागतो. म्हणून सॉकेट तपासायचं ते काहीतरी चालवून: टेबललॅम्प लावावा, इस्त्री लावावी. मोबाइलचा चार्जर हा तितका चांगला साक्षीदार नाही, कारण तो अगदी कमी विजेवरही चालतो. ढिल्या, जळक्या जोडातून चार्जर चालेल आणि कॉम्प्युटर चालणार नाही, असं होतं.

टेबललॅम्प लागला. मग तोच यूपीएसच्या मागच्या सॉकेटवर लावला. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्टची बॅटरी असते आणि ती गरम हवेत दोन-तीन वर्षांत थकते. थकलेल्या बॅटरीचे काही यूपीएस समोर वीज असूनही पुढे काही सोडत नाहीत. काहींच्या पाठीवर फ्यूज असतो किंवा दाबून परत बसवायचं छोटं बटण असतं, ते कोणाच्या लक्षातच येत नाही. शंका असली तर यूपीएस वगळून कॉम्प्युटर सरळ भिंतीला लावून पाहावा. त्या दिवशी यूपीएस निर्दोष सुटला. नंतर केबल. कॅबिनेटची आणि बऱ्याच मॉनिटरांची पॉवर केबल सारखीच असते, म्हणून दोन्हींची अदलाबदल केली की एका मिनिटात निकाल लागतो. केबलही निर्दोष. कॅबिनेटच्या पाठीमागे एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीचं, स्वतःचं काळं बटण असतं, एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. झाडलोट करताना कोणाचा तरी हात लागून ते गोलाच्या बाजूला गेलेलं असतं, आणि माणसं यंत्र डोक्यावर घेऊन दुकानात जातात. इथे ते रेघेवरच होतं.

जुन्या एसएमपीएसवर याच्याजवळ एक लाल सरकती कळ असते, 115 आणि 230 लिहिलेली. अमेरिकेत घरात 120 व्होल्टच्या आसपास वीज असते, आपल्याकडे 230. ही कळ 115 वर ठेवून आपल्या सॉकेटला यंत्र लावलं तर क्षणात स्फोटासारखा आवाज होतो आणि आतले मोठे कपॅसिटर किंवा फ्यूज जातो. घरात लहान मुलं असतील तर त्या कळीवर चिकटपट्टी लावून टाकावी.

आता आपण वाटेच्या मध्यावर आलो: एसएमपीएस. कॅबिनेटच्या आत बसवलेली ही पत्र्याची पेटी भिंतीतली 230 व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेते आणि 12, 5 आणि 3.3 व्होल्टची सरळ वीज देते. आत शिरताच वीज एकदिश होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, साधारण 325 व्होल्टला, कारण 230 हा सरासरी काढण्याच्या एका रीतीने आलेला आकडा आहे, लाटेचं शिखर त्याच्या 1.41 पट उंच असतं. पुढे ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. इतक्या वेगाने तोडलेल्या विजेला लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरतो. जुन्या रेडिओतला जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर इथे दिसत नाही तो यामुळे. प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही वेळ राहू शकते. म्हणून जो हे काम शिकलेला नाही त्याने एसएमपीएसची पेटी उघडू नये. कॅबिनेट उघडायला हरकत नाही, प्लग काढून. एसएमपीएसचे चार स्क्रू मात्र सोडून द्यावेत. हे वाक्य मी दोनदा लिहायलाही तयार आहे.

समोरच्या बटणाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं ते दिव्याच्या बटणासारखं आहे, वीज जोडतं आणि तोडतं. पूर्वी तसं होतं. 1980 आणि 90 च्या दशकांतल्या यंत्रांत घरातली वीज जाड केबलमधून कॅबिनेटच्या तोंडाशी यायची आणि ‘खट्’ करून बटण दाबलं की ती जोडली जायची. इंटेलने 1995 साली एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे बदललं. आजचं बटण दारावरच्या बेलसारखं आहे. ते दाबल्यावर दोन बारीक तारा क्षणभर एकमेकींना टेकतात आणि मदरबोर्डला निरोप जातो. मग मदरबोर्ड एसएमपीएसला म्हणतो, आता जागा हो.

पण बेल ऐकायला घरात कोणीतरी जागं हवं. म्हणून एसएमपीएसचा एक छोटा भाग प्लग लावल्या क्षणापासून रात्रंदिवस जागा असतो. तो 5 व्होल्टची थोडीशी वीज मदरबोर्डला देत राहतो. हिला स्टँडबाय म्हणतात आणि ती जांभळ्या तारेतून येते. बंद कॉम्प्युटरचा माउस कधीकधी लाल चमकतो, तो या विजेवर.

एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांचं बोलणं 24 पिनांच्या रुंद जोडावर चालतं. सुरतेहून भुसावळकडे जाताना नवापूर स्टेशन लागतं, ज्याच्या फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे. तो जोड मला तसा वाटतो. अलीकडचा मुलूख एसएमपीएसचा, पलीकडचा मदरबोर्डचा, आणि तंटा कोणाचा हे ठरवायला चौकशी इथेच करायची. लागतो फक्त एक साधा मल्टीमीटर. त्याची काळी सळई काळ्या तारेच्या खोबणीत किंवा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेकवायची आणि लाल सळईने, जोड न काढता, मागच्या बाजूने तारांना एकेक करून विचारायचं.

पहिला प्रश्न जांभळ्या तारेला. प्लग लावलेला असताना तिथे 5 व्होल्ट दिसलेच पाहिजेत, पाव व्होल्टची फेरफार चालते. दुसरा प्रश्न हिरव्या तारेला. यंत्र झोपलेलं असताना तिथे तीन-चार-पाच व्होल्ट असतात. बटण दाबलं की मदरबोर्ड ती तार जमिनीशी जोडतो आणि आकडा शून्याजवळ पडतो. हीच ती हाक. ती एसएमपीएसने ऐकली की बाकीच्या तारा जाग्या होतात: पिवळी 12, लाल 5, नारिंगी 3.3. आणि हे सगळे आकडे स्थिरावले की राखाडी तारेवर एसएमपीएस उत्तर देतो, ‘वीज नीट आहे’. हे उत्तर आकडे स्थिरावल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवं. ते येईपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही.

एवढं कळलं की निदानाची गाठ सुटते. जांभळी मेलेली असेल तर बटण, रॅम, प्रोसेसर यांचा विचारच करू नये. एसएमपीएस गेला आहे, किंवा क्वचित मदरबोर्डवरच्या शॉर्टने त्याला दाबून टाकलं आहे. 24 पिनांचा जोड काढून पुन्हा मोजलं की दोहोंतलं कोणतं ते समजतं. जांभळी ठीक, पण बटण दाबून हिरवी पडत नाही? मग बटण, त्याच्या तारा किंवा मदरबोर्ड. बोर्डवर जिथे बटणाच्या तारा खोचलेल्या असतात तिथून त्या काढून दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवावं. यंत्र सुरू झालं तर बटणच खराब. दहावीस रुपयांच्या बटणासाठी बोर्ड बदललेला मी पाहिला आहे. हिरवी पडते, पण पंखा एकदा थरथरून थांबतो? मग कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. अशा वेळी यूएसबीची समोरची भोकं नीट पाहावीत. उलटा पेनड्राइव्ह जोर लावून घुसवला की आतल्या पट्ट्या वाकून एकमेकींना टेकतात आणि तेवढ्याने अख्खं यंत्र बंद पडतं.

चलथाणच्या घरात मी जांभळ्या तारेला सळई लावली. आकडा 1 आणि 2 व्होल्टच्या मध्ये थरथरत होता. 24 पिनांचा जोड काढल्यावरही तसाच. म्हणजे दोष अलीकडच्या मुलखात होता.

मुलाने विचारलं, “पण काका, जाताना तर चालू होता. आठ दिवसांत हात कोणी लावला नाही. मग बंद असताना कसा बिघडला?”

हा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर एका बोटाच्या पेराएवढ्या डबीत आहे. स्टँडबाय भागात एक छोटा कपॅसिटर असतो, बहुधा 22 किंवा 47 मायक्रोफॅरडचा. आतल्या चिपला जागं होताना लागणारा पहिला घोट तो पुरवतो. या कपॅसिटरात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळीत एक द्रव भिजवलेला असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकत जातो. ढोबळ हिशेब असा आहे की तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. 105 अंशांवर 2,000 तास टिकेल असं लिहिलेला कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास टिकतो, म्हणजे रात्रंदिवस चालला तर सुमारे 3 वर्षं 8 महिने. त्याच्या जागी 85 अंशांचा स्वस्त माल घातला असेल तर त्याच 65 अंशांवर 8,000 तास, जेमतेम 11 महिने. दोन कपॅसिटरांच्या किमतीतला फरक चहाच्या एका कटिंगएवढाही नसतो. तो वाचवण्यासाठी एखाद्या घराचा रोजगार आठवडाभर थांबतो, याचं मला वाईट वाटतं.

आणि स्टँडबाय भाग तर कॉम्प्युटर बंद असतानाही तापत असतो. द्रव सुकत आलेला कपॅसिटर गरम असेपर्यंत कसाबसा काम करतो, कारण उष्णतेत उरलासुरला द्रव पातळ होऊन वीज वाहून नेतो. एकदा चाललेली चिप पुढे चालत राहते. वीज पूर्ण तुटली, पेटी थंड झाली, की पहिला घोट पुरवायची ताकद त्यात उरलेली नसते. यंत्र आठ दिवसांत बिघडलेलं नव्हतं. ते कित्येक महिन्यांपासून बिघडलेलं होतं आणि फक्त थांबलं नव्हतं म्हणून ते कोणाला कळलं नव्हतं.

याला इथल्या विजेचाही एक संदर्भ आहे. गुजरातेत 2003 साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेने खेड्यांतल्या घरांची लाइन शेतीपंपांच्या लाइनपासून वेगळी केली आणि घरांना चोवीस तास वीज देण्याची व्यवस्था केली. लोकांचं जगणं तिने खरोखर बदललं. पण रोजचं भारनियमन असतं तर हा कपॅसिटर अशक्त झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच उघडा पडला असता. चांगल्या अखंड विजेने त्याचं दुखणं झाकून ठेवलं. मेन स्विच पाडला तो कानबाईच्या सुट्टीत, आणि तेव्हा ते बाहेर आलं.

माझं म्हणणं पडताळून पाहायचं होतं. प्लग काढला, घरातला केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि एसएमपीएसच्या जाळीतून पाचेक मिनिटं गरम हवा सोडली. मग ड्रायर बाजूला ठेवून प्लग लावला. जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट आले. मदरबोर्डवरचा एवढासा हिरवा दिवा लागला आणि आई म्हणाली, “जित्ता शे!” जिवंत आहे.

मुलगा लगेच बटण दाबायला निघाला. मी त्याचा हात धरला. काही जुन्या, स्वस्त रचनांमध्ये स्टँडबायचा कपॅसिटर सुकला की 5 व्होल्टची वीज वर उसळते आणि तोवर निरोगी असलेला मदरबोर्ड खरोखर जळतो. गरम हवेचा प्रयोग निदानासाठी ठीक आहे, कामासाठी नाही. राहिलेल्या ऑर्डरीचा मोह मला कळत होता, तरी प्लग काढला.

जुना एसएमपीएस बाहेर काढला तर त्याच्या जाळीवर राखाडी लोकरीसारखा थर होता. कापडाच्या भागात हवेत सूक्ष्म तंतू असतात. पंखा ते ओढतो, दमट हवेत ते चिकटतात आणि त्यांची गोधडी होते. तिच्याखाली सगळं अधिक तापतं, आणि दहा अंशांचा हिशेब वर सांगितलाच आहे. अशा गावात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये आणि दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने जाळी साफ करावी. ब्लोअर वापरला तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं.

आणखी एक गोष्ट त्या घरात सापडली. कॅबिनेटला अनवाणी पायांनी हात लावला की मुंग्या यायच्या. “एसएमपीएस शॉर्ट असेल म्हणून असेल,” असं वडिलांना वाटत होतं. तसं नव्हतं. एसएमपीएसच्या दाराशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोघांची दुसरी टोकं पत्र्याला जोडलेली. विजेतला गोंगाट ते अर्थिंगमध्ये सोडतात. सॉकेटच्या तिसऱ्या, जाड भोकामागे अर्थिंगची तारच नसेल तर पत्रा मधोमध लटकतो आणि त्याच्यावर साधारण 115 व्होल्ट येतात. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. भाड्याच्या खोल्यांत हे फार दिसतं. नवा एसएमपीएस लावून हे जात नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावं लागतं. मी घरमालकांशी बोललो आणि त्यांनी ते करून दिलं. विजांच्या पावसात या तारेची किंमत कळते. ढग गडगडू लागले की प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवावी, हा त्यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय.

पावसाचा विषय निघाला की इथे 2006 च्या ऑगस्टची आठवण निघतेच. उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि तापीने सुरतेचा फार मोठा भाग बुडवला. अशा पुरात भिजलेल्या कॉम्प्युटरला पाणी मारत नाही, घाई मारते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण पुराच्या पाण्यात माती, क्षार, गटार सगळं असतं. ते बोर्डवर वाळलं की त्याच्या वाटा वीज वाहून नेतात आणि तांब्याला गंज चढवतात. भिजलेलं यंत्र चालू करून पाहू नये. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल लगेच काढावा, कारण प्लग नसला तरी त्याचे 3 व्होल्ट ओल्या बोर्डवर गंज घडवत राहतात. मग बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, पंख्याखाली काही दिवस वाळवावा. एसएमपीएस भिजला असेल तर बदलावा. हार्ड डिस्क स्वतः उघडू नये, महत्त्वाच्या फाइली असतील तर जाणकारांकडे न्यावी.

चलथाणच्या यंत्राला एवढं काही लागणार नव्हतं. नवा एसएमपीएस घेताना मुलाला मी डब्यावरचा मोठा आकडा न वाचता पेटीच्या बाजूचा तक्ता वाचायला सांगितलं. 450 वॅट असं ठसठशीत छापलेलं असतं आणि तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. 12 गुणिले 18 म्हणजे 216. आजचं यंत्र आपली जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरून घेतं, म्हणून खरा आकडा तो. पेटी हातात घेऊन वजनही पाहावं. हलक्या पेटीत तांबं, ॲल्युमिनियम आणि संरक्षणाचे भाग कमी असतात.

संध्याकाळी तो नवा एसएमपीएस घेऊन आला. बसवण्याआधी मी तो सिरीज बल्बवर लावला. आपल्याकडचे जुने दुरुस्तीवाले ही युक्ती वापरतात: जुन्या तारेचा 60 किंवा 100 वॅटचा बल्ब यंत्राच्या वाटेत बसवायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून मंद होतो. हे ज्याला उघड्या तारांची सवय आहे त्यानेच करावं. बल्ब लुकलुकला आणि विझला.

24 पिनांचा जोड मुलाने स्वतः बसवला, खिट्टी अडकल्याचा आवाज ऐकून. प्रोसेसरजवळचा पिवळ्या-काळ्या तारांचा वेगळा चौकोनी जोड तो विसरला होता, तो मी दाखवला. तो राहिला तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, आणि मग माणूस उगीच रॅम पुसत बसतो. प्लग लावला. मल्टीमीटर त्याच्या हातात दिला. त्याने काळी सळई पत्र्याला टेकवली, लाल सळई जांभळ्या तारेच्या मागे घातली आणि आकडा वाचला: 5.06.

मग त्याने आईला बोलावलं आणि बटण तिला दाबायला लावलं. पंखा फिरला. पडद्यावर यंत्राने तक्रार केली की तारीख-वेळ चुकली आहे. नाण्याएवढा सेलही संपला होता, आणि घरातली वीज बंद असलेल्या आठ दिवसांत घड्याळ थांबून गेलं होतं. त्याचा क्रमांक 2032. तो गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. वेलीची अर्धी राहिलेली फाइल जिथे सोडली होती तिथेच उघडली.

जुना एसएमपीएस मुलगा फेकायला तयार नव्हता. त्याला ती डबी पाहायची होती. आम्ही पेटी आठवडाभर प्लगशिवाय ठेवली, मग मी ती उघडली, मोठ्या कपॅसिटरच्या टोकांवर आधी मीटर लावून शून्य पाहिलं आणि मगच तो छोटा कपॅसिटर डाग काढून त्याच्या तळहातावर ठेवला. वरून तो फुगलेला नव्हता, गळलेला नव्हता, नव्यासारखा दिसत होता. मीटरवर 47 च्या जागी 9 मायक्रोफॅरड आले.